सुईवहीतली अनोळखी सुई

४ फेब्रुवारी

प्रिय बेबी,

पत्र बघून दचकू नकोस, इथे कोणी आजारी नाही. फोनवर बोलता आलं असतं, पण आमच्या घरात फोनवर बोललेलं तुझ्या वहिनीला स्वयंपाकघरात बसून ऐकू येतं, आणि कारखान्यात फोन फाटकावर जमा करावे लागतात. शिवाय तुला माहीतच आहे, माझा विश्वास लिहिलेल्यावर. बोललेलं माणूस फिरवतो.

तुझी चिंगी मजेत आहे. चार महिन्यांत तिने धागे कापायच्या टेबलावर चांगलं बस्तान बसवलंय. मामाच्या कारखान्यात आहे म्हणून डोक्यावर बसत नाही, हे विशेष. कटिंगमास्तरही तिच्याबद्दल बरं बोलतात. त्यांच्या मुलासाठी चिंगीचं मी त्यांच्या कानावर घालून ठेवलंय, घाई नको.

पत्राचं कारण वेगळं आहे. परवा झाडताना त्याच टेबलाखाली एक सुई सापडली. आमच्याकडे सुई सापडणं म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. आम्ही तान्ह्या मुलांचे कपडे शिवतो. मशीनवर सुई मोडली की बाईने हात वर करायचा, मशीन बंद, आणि तुकडान् तुकडा सापडेपर्यंत मी नवी सुई देत नाही. तुकडे जुळवून सुईवहीत चिकटपट्टीने डकवतो, शेजारी तारीख आणि मशीनचा नंबर. अकरा वर्षांपूर्वी एक टोक सापडलं नव्हतं आणि मी ‘असू दे’ म्हणालो होतो. ते टोक एका बाळाच्या मांडीत निघालं. तेव्हापासून मी ‘असू दे’ म्हणायचं सोडलं. बायका पाठीमागे मला सुईमास्तर म्हणतात. म्हणोत.

ही सुई मात्र आमच्या कुठल्याच मशीनची नाही. केसासारखी बारीक, लांबीला तांदळाच्या दाण्याहून कमी, खाली प्लास्टिकचं बूड आणि त्याला आतून आटे. भिंगाखाली धरली तर पोकळ! पोकळ सुईतून दोरा जात नाही, बेबी. काहीतरी पातळ जातं.

कुठेतरी पाणी मुरतंय. तू बारा वर्षं औषधाच्या दुकानात उभी आहेस, तुला कळेल. मागच्या बाजूला चित्र काढलंय, दहापट मोठं. वहीत डकवून पुढे लिहून ठेवलंय, ‘मालक: अज्ञात’.

तुझा दादा


१० फेब्रुवारी

दादा,

तुझं चित्र बघून हसू आलं. लहानपणी बैल काढायचास तो उंदरासारखा दिसायचा, ही सुई तरी सुईसारखी दिसतेय.

यात घाबरण्यासारखं काही नाही. अशा सुया घड्याळजी लोक वापरतात, आतल्या चाकांना तेल घालायला. कुणा बाईचा नवरा घड्याळजी असेल, तिच्या पदराला किंवा पिशवीला चिकटून आली असेल. टाकून दे आणि विसरून जा. प्रत्येक गोष्टीचं मूळ खणायची तुझी सवय जुनीच आहे, पण सगळीकडे काही पुरलेलं नसतं.

चिंगी वेळेवर जेवते ना? तिला भूक सहन होत नाही, लहानपणापासूनच. जेवायला दहा मिनिटंसुद्धा उशीर होऊ देऊ नकोस. तेवढं माझ्यासाठी बघ.

कटिंगमास्तरांकडचं काय ते कळव. चांगलं घर आहे, हातचं जायला नको. दुकानात गर्दी आहे, थांबते.

बेबी


१७ फेब्रुवारी

प्रिय बेबी,

तुझ्या सांगण्यावरून मी सगळ्या बायकांना त्यांचे नवरे काय करतात ते विचारलं. एकीचाही नवरा घड्याळजी नाही. तिघी मात्र त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत. मग मी सुई वहीसकट एका घड्याळजीकडे नेली. तो म्हणाला, ‘साहेब, या सुईने तेल घालायचं तर घड्याळ मुंगीचं हवं.’

बारा वर्षं औषधं विकणाऱ्या बाईला पोकळ सुई बघून घड्याळजी आठवला, याचं मला नवल वाटलं. असो.

आता जे लिहितोय ते लिहायला चार दिवस घेतले. आमची जेवणाची घंटा साडेबाराला होते. चिंगी रोज बारा वीसला बाथरूममध्ये जाते, कडी लावते आणि घंटेच्या बेताला बाहेर येते. जाताना हातात चष्म्याचं निळं पाकीट असतं. बेबी, तुझी मुलगी चष्मा लावत नाही. घरीसुद्धा पान वाढलं की ती उठते आणि पाकीट घेऊन आत जाते. परवा वहिनी कपडे धुवायला घेत होती, तर चिंगीच्या टॉपच्या आतल्या बाजूला, पोटापाशी, रक्ताचे दोन ठिपके. टाचणीच्या डोक्याएवढे. खिशात लिमलेटच्या गोळ्यांचे कागद निघाले, चोवीस. तेवीस वर्षांची मुलगी एवढ्या गोळ्या का खाते?

आणि आमचा इस्त्रीवाला. चाळिशीचा आहे, आईबरोबर राहतो, कामापुरतं बोलतो. कमी बोलणाऱ्या माणसाबद्दल मला आधीपासूनच शंका असते. दर पंधरवड्याला तो चिंगीच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी ठेवतो, वीतभर लांब. मी त्याला थेट विचारलं. म्हणाला, ‘तिचं तिला विचारा, मास्तर.’ तिला विचारलं, तर खाली बघत म्हणाली, ‘मामा, आईला विचार.’ म्हणून तुला विचारतोय.

नशा हा शब्द लिहायला हात धजत नव्हता. लिहिला. सोमवारपासून आत येणाऱ्या प्रत्येकाची पिशवी तपासायचं ठरवलंय, माझ्या स्वतःच्या पिशवीपासून. त्याआधी तुला काही माहीत असेल तर सांग. मी रागावणार नाही.

दादा


२० फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र वाचून डोकं भणाणलं. माझी मुलगी तुझ्या घरी राहते म्हणजे तिच्या खिशातले कागद मोजायचा परवाना मिळाला का तुला? वहिनीला सांग, दुसऱ्याच्या मुलीचे कपडे उलटे करून बघू नयेत. अंगावर उष्णतेचे फोड येतात तिला, खाजवले की रक्त येतं. पाकिटात बायकांच्या वस्तू असतात. बायकांच्या वस्तूंची चौकशी मामाने करायची नसते, एवढं तरी कळायला हवं होतं. इस्त्रीवाल्याची आई तिला विणकाम शिकवते. कागदात विणायची सुई असते. सुयांचा तुला एवढा लळा आहे, ही कशी ओळखू आली नाही?

पिशव्या तपासू नकोस. कटिंगमास्तरांच्या डोळ्यांदेखत तिची पिशवी उघडलीस तर स्थळ गेलंच म्हणून समज. माझ्या नशिबात जे झालं ते झालं, तिचं तरी सरळ होऊ दे. तुला माझी शपथ आहे.

आणि तिचं जेवण वेळेवर होऊ दे. परत परत लिहिते म्हणून चिडू नकोस.

बेबी


२७ फेब्रुवारी

बेबी,

फोनवर तुला ‘ती शुद्धीवर आहे, बरी आहे’ एवढंच सांगितलं, कारण शेजारी डॉक्टर उभे होते आणि मला रडू येत होतं. आता सगळं लिहितो. दोनदा वाच.

तुझी शपथ मी मोडली. सोमवारपासून पिशव्या तपासायला लागलो. चिंगीच्या पिशवीत काही निघालं नाही, निळं पाकीटही नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. उलट वाटलं, हिला कुणीतरी आधीच सावध केलंय.

बुधवारी बारा वाजून पंचवीस मिनिटांनी तयार कपड्यांच्या टोपलीत दुसरी सुई सापडली. तसलीच. बाळाच्या टोपीच्या अस्तरात अडकलेली. टोपी उद्या कुणाच्या तरी डोक्यावर गेली असती. मी घंटा वाजवून सगळी मशीनं बंद करवली आणि दाराला कुलूप लावलं. सुईचा मालक सापडेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही, जेवणही नाही. डबे बाहेरच्या खोलीत. आत काही खायला बंदी. सगळे नियम माझेच.

सगळ्यांना आपापल्या जागी उभं केलं. एक वाजला. बायका कुरकुरायला लागल्या. चिंगी नुकतीच बाथरूममधून येऊन पहिल्या रांगेत उभी होती. तिच्या कपाळावर घाम आला, हात थरथरायला लागले. मी तो घाम बघितला आणि मला आनंद झाला, बेबी. खोटं लिहीत नाही. वाटलं, सापडला चोर. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि मुद्दाम हळूहळू बोलायला लागलो.

‘मामा, मला जेवायला जाऊ दे,’ ती म्हणाली.

‘आधी सुई कुणाची ते सांग.’

‘आईला विचार.’

‘आई इथे नाही. मी तुला विचारतोय.’

मग तिची जीभ जड झाली, काहीबाही बोलायला लागली. मला ‘बाबा’ म्हणाली. तिचे बाबा जाऊन सात वर्षं झाली. मला वाटलं, नशा चढली. सगळ्यांसमोर तसं म्हणालोही. तेवढ्यात ती टेबलाला धरून खाली बसली.

इस्त्रीवाल्याने गरम इस्त्री तशीच कपड्यावर टाकली आणि मला ढकलून पुढे आला. ‘मास्तर, साखर आणा! साखर!’

‘काय?’

‘अहो, तिने इन्शुलिन घेतलंय आणि तुम्ही तिचं जेवण अडवून धरलंय! कुलूप काढा!’

मला खिशातली किल्ली सापडेना. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या टोकानंतर मला काही सापडलं नाही असं झालं नव्हतं. शेवटी कटिंगमास्तरांनी माझ्या खिशात हात घालून किल्ली काढली. चहाच्या खोलीतून साखर आणली, पाण्यात ढवळली. इस्त्रीवाल्याने तिचं डोकं मांडीवर घेऊन, तिला हाका मारत, ती गिळतेय ना हे बघत घोटाघोटाने पाजलं. त्याच्या आईलाही हाच आजार आहे. तू त्याच्या पत्त्यावर पाठवतेस ती इन्शुलिन टोचायची पेनं त्याच्या आईच्या फ्रिजमध्ये राहतात, कारण माझ्या फ्रिजमध्ये ठेवली असती तर मला कळलं असतं. ज्या माणसावर मी इतके दिवस पाळत ठेवली, तो माझ्या घरात उघडपणे व्हायला हवं होतं ते काम गुपचूप करत होता.

डॉक्टर म्हणाले, ‘अजून अर्धा तास गेला असता तर...’ त्यांनी वाक्य पूर्ण केलं नाही. मीही करायला लावलं नाही.

माझी चूक मी कुठेही सांगायला तयार आहे. पण मी तुला दोनदा विचारलं, बेबी. चित्र काढून विचारलं. रागावणार नाही म्हणून विचारलं. तू मला घड्याळजीकडे पाठवलंस.

आणखी एक कोडं आहे. ज्या मुलीच्या खिशात चोवीस कागद निघतात, तिच्याजवळ त्या दिवशी एकही गोळी कशी नव्हती? ती सांगत नाही. परत म्हणते, आईला विचार.

दादा


३ मार्च

दादा,

गोळ्यांचं आधी सांगते, नाहीतर पुढचं लिहिताना धीर जाईल. तू पिशव्या तपासणार म्हटल्यावर मी तिला फोन केला. सांगितलं, पाकीट नेऊ नकोस, गोळ्या नेऊ नकोस, मामा मोजतो. पेन कमरेला लपव, सुया बाहीत ठेव. ती म्हणाली, ‘आई, गोळ्या तरी असू देत, गरज लागते.’ मी म्हणाले, एवढ्यात काही होत नाही. असं मी म्हणाले. मी, जी रोज काउंटरवर सगळ्यांना बजावते की साखर जवळ ठेवल्याशिवाय घराबाहेर पडू नका.

तिला चौदाव्या वर्षी हा आजार झाला. त्याच वर्षी माझ्या नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. जेवायला बसलो. चिंगीने डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे टॉप जरासा वर करून तिथेच टोचून घेतलं. तिला त्यात काही वाटलं नाही, नुकतंच शिकली होती, थोडी ऐटच होती. समोरच्या बाईने आपलं ताट उचललं आणि लांब जाऊन बसली. नणंद म्हणाली, ‘चारचौघांत हे काय भलतंच?’ मी नणंदेला एक शब्द बोलले नाही. चिंगीचा दंड धरून तिला बाथरूममध्ये नेलं आणि ओल्या फरशीवर उभं करून सांगितलं, ‘इथे करायचं. कुणाला दिसता कामा नये.’ नऊ वर्षं झाली. ती अजून तिथेच उभी आहे, दादा. मीच उभी केलीय.

दुकानात कुणी नवीन पेशंट आला की मी सांगते, ‘लाजू नका हो, कुठेही बसून घेता येतं, यात काय लपवायचं?’ परक्यांना सांगताना मला कधी काही वाटलं नाही. आपल्या घरची गोष्ट आली की वाटायचं, कळलं की संपलं. तुलाही सांगितलं नाही, कारण तू खोटं बोलत नाहीस. कटिंगमास्तरांनी तुला विचारलं असतं तर तू सांगून टाकलं असतंस.

तिला आता तिथे ठेवायचं नाही. सगळ्यांसमोर झालं, म्हणजे झाकायला काही उरलं नाही. कटिंगमास्तर काय म्हणाले? त्यांनी घरी सांगितलं का? बायका काय बोलतात? वहिनी काय म्हणाली? मी महिनाअखेरीला तिला न्यायला येते. तिला सांग, आईने माफी मागितलीय. नको, सांगू नकोस. मीच सांगेन.

बेबी


१२ मार्च

आई,

तू यायला निघायच्या आत हे पत्र मिळावं म्हणून घाईत लिहितेय. मामाला लिहिलेलं तुझं पत्र त्याने मला वाचायला दिलं. म्हणाला, ‘यात तुझंच सगळं आहे, मी कशाला ठेवू.’ लोक काय म्हणाले, हे तू त्यात चार वेळा विचारलंस. मी मोजलं. मामाकडे राहून मलाही सवय लागली. मी कशी आहे, ते एकदाही विचारलं नाहीस. रागाने लिहीत नाही, दिसलं म्हणून लिहितेय.

तर लोक काय म्हणाले ते आधी. एका बाईने विचारलं, हे एकमेकांना लागतं का. दुसरीने तिला दटावलं आणि स्वतः दोन खुर्च्या पलीकडे सरकली. कटिंगमास्तरांनी विचारलं, ‘रोज टोचायचं म्हणजे दुखत असेल, नाही?’ चांगल्या मनाने विचारलं, पण मुलाचा विषय त्यानंतर काढला नाही. मामाला त्याचा राग आला. मला नाही आला. त्या घरी गेले असते तर पुन्हा रोज बाथरूममध्येच उभी राहिले असते. मामी काहीच म्हणाली नाही. तिने फ्रिजमधला एक कप्पा पुसून रिकामा केला आणि विचारलं, ‘एवढा पुरेल का गं?’ मी तिथेच रडले.

आता सोमवारचं. मामा म्हणाला, ‘आजपासून तू जेवणाच्या खोलीत, टेबलावर बसून घ्यायचं.’ मी नको म्हटलं. सगळे बघतील म्हटलं. तो म्हणाला, ‘बघू देत. मला सुई डोळ्यांसमोर हवी. बाहीतली सुई टोपीत जाते.’ माझ्यासाठी करतोय असं कबूल करायचं नसतं त्याला, नियमासाठी करतोय असं सांगतो. झाकणाचा एक डबा आणलाय वापरलेल्या सुयांसाठी. समोर सुईवही उघडून बसला. पेनावर सुई दोनदा तिरकी बसली. मला सारखी दाराकडे पळायची इच्छा होत होती. कोण हसतंय, कोण ताट उचलतंय, हेच मी बघत होते. शेवटी टोचलं. मामाने वहीत लिहिलं, ‘सुई एक, दिली. सुई एक, परत.’ मग तारीख घालायला चष्मा शोधायला लागला, तेव्हा इस्त्रीवाले काका म्हणाले, ‘मास्तर, वही नंतर लिहा, आधी पोरीला जेवू द्या. एकदा अडवलंत तेवढं पुरे.’ सगळी खोली हसली. मामासुद्धा. मी नऊ वर्षांत पहिल्यांदा टोचल्यावर लगेच घास घेतला, हात धुवायला, तोंड पुसायला, कडी काढायला न थांबता.

भीती गेली असं नाही. आजही कुणी कुजबुजलं की वाटतं, माझ्याबद्दलच. पण गोळ्या आता टेबलावर असतात, मामाने आणलेल्या, मोठ्या बरणीत. येताजाता सगळ्या बायका त्यातल्या खातात आणि मामा चिडतो.

पहिली सुई अजून वहीत आहे. मी काल पान उलटून बघितलं. ‘अज्ञात’ खोडून त्याने लिहिलंय, ‘मालक: माझी भाची. चूक: माझी.’ खाली सही आहे.

मी परत येणार नाही, आई. तू मात्र ये. न्यायला नको, भेटायला ये. माफी मागायची असेल तर एक कर. आपण दोघी कुठेतरी बाहेर जेवायला जाऊ, कोपऱ्यातलं नको, मधलं टेबल घेऊ. जेवण आलं की मी तिथेच टोचून घेईन. तुला काही करायचं नाही. फक्त लोक बघतात का ते बघू नकोस. माझ्याकडे बघ.

चिंगी